जेठांच्या घोड्याचे पंधरा दिवस

वडील गेले तेव्हा भावांनी मला विचारलं, तुला काय हवं. मी घोडी मागितली. भाऊ एकमेकांकडे पाहून हसले आणि मोठ्या मनानं हो म्हणाले, कारण त्यांच्या लेखी मी काहीच मागितलं नव्हतं.

ती चिंचोक्याच्या रंगाची होती. कपाळावर पांढरा ठिपका, एका बाजूनं थोडा खाल्लेला, अष्टमीच्या चंद्रासारखा. आयाळ जिथं संपते तिथं नाक टेकलं की उन्हात तापलेल्या कडब्याचा आणि किंचित दुधाचा वास यायचा. वडील शेतकरी होते, पण कवितेचा कान असलेले. मला वृत्तं त्यांनी या घोडीच्या आजीच्या पाठीवर शिकवली. घोडी चालते तेव्हा चार टापा वेगवेगळ्या पडतात, दुडकी धरली की दोन-दोन मिळून पडतात. मला पुढ्यात बसवून ते म्हणायचे, "आता डोळे मीट आणि ऐक." लघू-गुरू मी पुस्तकात नंतर पाहिले, आधी ते माझ्या अंगाला कळले होते. पुढे कविता शिकले, लोणखेड्याच्या कॉलेजात बावीस वर्षं शिकवली, तरी एखादी ओळ लंगडते आहे की नाही हे मी अजून त्या पाठीवर बसूनच ठरवते.

लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर ही घोडी माझ्याबरोबर कळसाडीला सासरी आली. आमचं आणि जेठांचं, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या थोरल्या भावाचं, घर एका अंगणात आहे. अंगणाच्या एका कडेला घोड्यांची पडवी, पलीकडे ऊस. आमच्याकडे धाकटी सून जेठांशी बोलत नाही. डोक्यावर पदर, नजर पायाशी, आणि सांगायचंच असेल तर तिसऱ्या माणसाला सांगायचं. तिसरं कुणी नसेल तर दाराच्या चौकटीला. "चौकटबाई, ताट वाढलंय." जेठ ऐकतात आणि तेही चौकटीलाच उत्तर देतात. वर्गात शंभर मुलांपुढं बोलणारी मी अंगणात आले की लाकडाशी बोलत असे. याचा मला तेव्हा राग नव्हता. लाकूड निदान पूर्ण वाक्य ऐकून घ्यायचं.

जेठांचा घोडा पांढराशुभ्र होता. नाकपुड्या गुलाबी, डोळे फिकट, अंगावर हात फिरवला तर ओल्या रेशमासारखा लागे. घोड्या गाभण करण्यासाठी ठेवलेला वळूघोडा तो; शहाद्यापासून तळोद्यापर्यंतच्या घोड्या त्याच्याकडे येत. त्याच्याबद्दल जेठांचं एक शास्त्र होतं. घोडा जितका कमी खर्चावा तितका तेजस्वी राहतो, असं ते मानत. श्रावणापासून सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा संपेपर्यंत ते घोडीची सावलीही त्याच्यावर पडू देत नसत. घोडा आपला आपण मोकळा होऊ नये म्हणून त्याच्या पोटाखाली काथ्याचा खरखरीत पट्टा बांधलेला असे. तो पट्टा त्याला कसा कापत असेल याचा विचार मी पहिल्यांदा केला तो पट्ट्याखालचे केस झडलेले दिसले तेव्हा. जेठ त्याची मान थोपटत म्हणत, "तेज साठी ऱ्हायनं. साठू दे." यात्रेत तो पांढरा लखलखाट मिरवायचा आणि माघ लागला की घोड्या यायला लागायच्या.

घोड्याचं काम झालं की नाही हे ओळखायचीही त्यांची एक रीत होती. त्या क्षणी घोड्याची शेपटी वरखाली झोके घेते. जेठ दावणीशी उभे राहून मोठ्यानं मोजत. "पाच. सव. सात. सात डाव हालनी. पक्कं काम व्हयनं, ली जा तुन्ही घोडी." शेपटीवर त्यांचा निकाल लागलेला असे. पुढं घोडी गाभण राहिली तर घोड्याचं नाव, नाही राहिली तर घोडीचा दोष. अलीकडे बऱ्याच घोड्या रिकाम्या राहत होत्या. पण प्रत्येक घोडी आपापल्या गावी रिकामी असते, सगळ्या एका जागी कधी उभ्या राहत नाहीत. त्यामुळं कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

माझी घोडी तीन वर्षं त्याच्यापुढं उभी केली. तिन्ही वर्षं सात झोके झाले. तिन्ही वर्षं ती रिकामी राहिली.

तिसऱ्या चैत्रात घरी पाहुणे होते. पुरुषांची पंगत बसली होती आणि मी फुणक्यांची कढी वाढत होते. कुणीतरी घोडीचं विचारलं. जेठ म्हणाले, "धाकलीनी घोडी खाली शे." खाली म्हणजे रिकामी. मग लोणच्याकडं हात नेता नेता, जणू लोणच्याबद्दलच बोलावं तसं, "तिना माहेरनं जे उनं ते खालीच उनं." माहेरून आलं ते, म्हणजे मीही.

पंगतीत कुणी मोठ्यानं हसलं नाही. एकाच्या घशात हसू अडकल्याचा आवाज झाला. आम्हाला मूल नाही. खूप वर्षांपूर्वी सुरतच्या डॉक्टरांनी दोघांनाही तपासून घ्या असं सांगितलं होतं. दोघांतून मी एकटी गेले, एकटीच निर्दोष ठरले, आणि तो कागद कपाटात साड्यांच्या खाली आजही आहे. माझे यजमान त्या पंगतीत तिसरे बसले होते. त्यांनी भाकरी मोडली. मी जेठांच्या वाटीत कढी वाढली. पळीतून एक थेंब बाहेर सांडला नाही, हे मला अजून आठवतं, आणि त्याचा अजून राग येतो.

मे महिन्यात पेपर तपासायला मी पाच दिवस जळगावला होते. परत आले तेव्हा पडवीत माझ्या घोडीच्या खुंट्याला दावं नव्हतं. जाऊबाईंनी नजर चुकवत सांगितलं, नवापूरकडचा एक व्यापारी आला होता, जेठांनी देऊन टाकली. खाली घोडीला चारा कशाला. यजमान म्हणाले, "दादानं ठरवलं." माझ्या वडिलांची घोडी होती. मला कुणी विचारलं नाही, कारण मला विचारायचं तर चौकटीला विचारावं लागलं असतं, आणि चौकट तर घरातच होती, मी नसताना तिनं काय सांगितलं असतं.

पडवीच्या भिंतीला तिच्या अंगाचा वास आठवडाभर राहिला. कॉलेजला निघताना आणि आल्यावर मी तिथं उभी राहायची. एके सकाळी तिथं नुसत्या मातीचा वास आला. त्या सकाळी मी ठरवलं की मी विसरणार नाही. काय करणार हे माहीत नव्हतं. पण ते वाक्य, तेच वाक्य, जेठांच्या ताटात परत वाढायचं, इतकं ठरलं.

दीड वर्ष गेलं. दिवाळीच्या सुटीत नवापूरच्या एका जुन्या विद्यार्थिनीनं मोबाइलवर फोटो पाठवला. "मॅडम, ही तुमचीच ना? कपाळावरून ओळखली." हायवेच्या कडेला, एका बँडवाल्याच्या दारात, माझी घोडी उभी होती. आणि तिच्या पोटाला चिकटून, लांबलांब पाय कसे ठेवावेत हे अजून न उमगलेलं, एक शिंगरू. त्याच्याही कपाळावर ठिपका होता. बाप कोण असं मी विचारलं. ती म्हणाली, वरातीचं तट्टू आहे एक, त्यांचंच.

मी तो फोटो बोटांनी मोठा करत राहिले. शिंगराचे कान, घोडीच्या सडांवर सुकलेलं दूध. डोळ्यांत पाणी आलं असं म्हणायला हवं. खरं सांगायचं तर दात एकमेकांवर बसले. ती रिकामी नव्हती. कधीच नव्हती.

आमच्या तालुक्याला जनावरांची डॉक्टर म्हणून जी मुलगी आहे ती अकरावीत माझ्या वर्गात मराठीला बसत असे. तिच्याकडे गेले. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "घोडा किती दिवस बंद ठेवतात म्हणालात?"

"पाच महिने."

"आणि पट्टा?"

"पाचही महिने."

ती पेन टेबलावर आडवं ठेवत म्हणाली, "मॅडम, मला त्याचं वीर्य थोडं पाहायला मिळालं तर."

घोडा सांभाळायला जेठांकडे एक मामा आहेत. सातपुड्यातले पावरा, पूर्वी ऊसतोडीला आले आणि घोड्यापाशी राहिले. त्यांना मी हळूच विचारलं. ते तंबाखू चोळता चोळता थांबले. "बाई, त्या पानीमा दोस शे. तांदूळना धोवनमा रवा टाकेल तसं दिसस. मी मालकले सांगं व्हतं एक डाव. मालक म्हने, तू मन्हा घोडाले शिकाडस का?" मग मला न विचारताच म्हणाले, "परवा सोयरानी घोडी येई ऱ्हायनी. बाटली दी ठेवा."

सोयऱ्यांना नाही म्हणता येत नाही, म्हणून जेठांनी त्या कार्तिकात नेम मोडला होता. डॉक्टरनं मला सांगून ठेवलं होतं: बाटली उकळत्या पाण्यानं धुवायची, साबण अजिबात नाही, धरलेलं ऊन लागू न देता, गार होऊ न देता आणायचं, अंगाइतकी ऊब हवी. अंगणात जेठ मोजत होते, "सव, सात," आणि घोडा खाली उतरला तसे मामांनी शेवटचे थेंब बाटलीत धरले. मी ती बाटली रुमालात गुंडाळून, पदराआड, कमरेशी खोचली आणि स्कूटरवरून निघाले. कापसाची वेचणी चालू होती. रस्त्याच्या दोन्ही अंगांना पांढरं फुटलेलं. पोटाशी ती कोमट बाटली. वासानं मला आश्चर्य वाटलं. घाण नव्हता. ओल्या पिठासारखा, किंचित लोखंडी.

दवाखान्यात डॉक्टरनं काच गरम करून घेतली, थेंब ठेवला, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. मग स्टूल सरकवून म्हणाली, "बघा."

आधी मला फक्त उजेड दिसला. मग त्या उजेडात असंख्य ठिपके. लांबट, वाटाण्याच्या कोवळ्या दाण्यासारखे. इतके की मधली जागा दिसेना. सगळे स्तब्ध.

"ही डोकी," ती म्हणाली. "शेपट्या कुठं दिसतात का पाहा."

शेपट्या वेगळ्या पडल्या होत्या, डोक्यांपासून तुटून, झाडलेल्या केसांसारख्या.

तिनं समजावून सांगितलं ते मी वर्गात शिकवावं इतकं सुंदर होतं. वृषणात शुक्राणू तयार व्हायला दोन महिन्यांच्या आसपास लागतात. तिथून निघाले तरी त्यांना पोहता येत नाही. पुढच्या बारीक वेटोळ्या नळीत ते हळूहळू पिकतात, तिथं पोहण्याचं बळ येतं, आणि मग ते वाट पाहत थांबतात. निघताना ग्रंथींचं पाणी त्यांना भेटतं, ते त्यांना जागं करतं, वाहून नेतं. "पण थांबण्यालाही मुदत असते, मॅडम. बहुतेक घोडे बंद ठेवले तरी आपोआप निचरा करतात. काहींचा होत नाही. जुने तिथंच मरतात, नळ्या तुंबतात, नवे त्यांच्यामागं अडकून म्हातारे होतात. बाहेर येतं ते भरपूर असतं, अगदी भरपूर. शेपटीही सात वेळा हलते. पण आलेलं सगळं मेलेलं." मग जरा थांबून, "शेवटच्या थेंबांवरून पक्का निकाल देऊ नये. पूर्ण नमुना घ्यायला हवा. आणि याला इलाज आहे, फार सोपा. रोज मोकळा करायचा. वरून हातानं नळ्यांना थोडी मालिश. आठवडाभरात जिवंत दिसू लागतील. मी सांगते त्यांना."

"यात्रेनंतर सांग," मी म्हटलं.

"घोड्याचा काय दोष, मॅडम?"

"घोडीचा काय होता?"

ती माझी विद्यार्थिनी होती. गप्प राहिली. तिच्या त्या गप्प बसण्याची मला आज थोडी लाज वाटते. तेव्हा वाटली नाही.

घरी येऊन मी यजमानांना सांगितलं. ते मोबाइल बाजूला ठेवून म्हणाले, "म्हणजे घोड्याचंही तपासतात?"

"तपासतात," मी म्हटलं. "घोड्याला लाज वाटत नाही."

ते उठून अंगणात गेले आणि जेवायलाच परत आले.

मार्गशीर्षात तापीच्या काठी घोडेच घोडे झाले. धूळ, चारा, तापलेल्या कातड्याचा आणि भज्यांच्या तेलाचा वास, ढोलावर नाचणारे घोडे, त्यांच्या पायांतले घुंगरू. जेठ घोड्याला मोत्यांचा गोंडा बांधून उभे होते. गुजरातेतला एक मोठा घोडेवाला दोन दिवस त्याच्याभोवती फिरत होता. त्याला हा घोडा आपल्या दहा-बारा घोड्यांसाठी वर्षभर न्यायचा होता. जेठांनी आयुष्यभर वाट पाहिली होती ती अशा माणसाची. तो म्हणाला, "घोडो बहु सरस छे. पण अमारे त्यां आधी वीर्य तपासतात. डॉक्टर आहे ना इथं?" यात्रेत जनावरांच्या तपासणीचा तंबू होता आणि तंबूत तीच होती.

जेठ हसले. आजूबाजूला पंधरा-वीस माणसं. "देखा ना. काय देखनं ते देखा. सात डाव हालस त्यानी शेपटी."

सकाळच्या कोवळ्या उन्हात, कनातीच्या आड, रबरी नळीत पूर्ण नमुना घेतला गेला. कनातीबाहेर लोक वरून डोकावून झोके मोजत होते. सात भरले तसा एक जण "वा" म्हणाला. मी जाऊबाईंबरोबर तंबूच्या कडेला उभी होते, डोक्यावर पदर. डॉक्टरनं काच पाहिली. दुसरी केली, पाहिली. मग गुजरातच्या माणसाला बोलावलं. त्यानं पाहिलं आणि काही न बोलता सरकून जेठांना जागा दिली. जेठांनी टोपी काढून डोळा लावला. एरवी ज्यांचा आवाज नदीपार जातो ते जेठ कितीतरी वेळ वाकून होते.

"हाई काय शे?" त्यांनी विचारलं.

डॉक्टर तिच्या कचेरीच्या मराठीत म्हणाली, "शुक्राणूंची संख्या पुरेशी आहे, परंतु हालचाल नगण्य असून बहुतांश शीर्षं पुच्छापासून विलग झालेली आहेत."

"ताई, आम्हले समजी असं सांगा."

ती शब्द शोधत होती. तो शब्द माझ्याकडं दीड वर्ष पडून होता. मी पदर खांद्यावर घेतला. बावीस वर्षांत पहिल्यांदा मी जेठांच्या डोळ्यांत पाहिलं. त्यांचे डोळे घारे आहेत हे मला तेव्हा कळलं.

"दादा," मी म्हटलं, "घोडा खाली शे."

मी वर्गात बोलते ती भाषा वापरली नाही. त्यांनी पंगतीत वापरली तीच वापरली. जाऊबाईंनी माझा दंड धरला, त्यांची नखं रुतली. मागं एकाच्या घशात हसू अडकल्याचा आवाज झाला. तो आवाज मी ओळखला. गुजरातच्या माणसानं घोड्याच्या कपाळावर हात ठेवला, जसा आजाऱ्याच्या ठेवतात, आणि निघून गेला. यात्रा संपेपर्यंत आमच्या घोड्यापाशी कुणी फिरकलं नाही. पण गावोगावच्या घोडीवाल्यांनी एकमेकांना फोन केले. मन्ही बी ऱ्हायनी नही. मन्ही बी. त्या रिकाम्या घोड्या अखेर एका जागी उभ्या राहिल्या.

मला वाटलं होतं की माझं पोट भरेल. नाही भरलं. गोड होतं ते, फार गोड. पण उसाच्या पहिल्या पेऱ्यासारखं, दुसरा मागणारं.

घरी परतल्यावर चार दिवसांनी मामा आले. "बाई, मालक घोडाले खच्ची करी ऱ्हायनात. सोमवारले मानूस येस." घोडा पडवीत उभा होता, गोंडा उतरवलेला, पोटाखाली तो पट्टा तसाच. त्या संध्याकाळी डॉक्टरचा फोन आला. "मॅडम, आता सांगू? की मी सरळ येऊ?"

"त्यांनी विचारू दे," मी म्हटलं.

"आणि नाही विचारलं तर?"

मी फोन ठेवला. त्या दोन दिवसांत मी काय होते हे मला नीट माहीत आहे. घोड्याकडं पाहत होते आणि बोलत नव्हते. त्यानं माझं काहीच बिघडवलं नव्हतं. उलट आम्हा दोघांना एकाच माणसाच्या शास्त्रानं बांधून ठेवलं होतं. हे कळूनही मी वाट पाहिली.

रविवारी दुपारी जेठ आमच्या दारात आले. आमच्या दारात ते कधी येत नाहीत. उंबऱ्याबाहेर उभे राहिले, टोपी हातात, आणि चौकटीकडं बघून म्हणाले, "डाक्टरबाई म्हने, धाकलीले इचारा. घोडाना काही इलाज शे का?"

मी आत तांदूळ निवडत होते. उठून दारात आले. चौकट आमच्या दोघांच्या मध्ये होती आणि यावेळी तिच्याशी ते बोलत होते.

"मले इचारा," मी म्हटलं.

त्यांनी टोपी हातात एकदा फिरवली. अंगणात कोंबडी फिरत होती. मग त्यांनी मान वर केली. "इलाज शे का?"

"आहे. पट्टा आज काढायचा. रोज सकाळी घोडा मोकळा करायचा. निघेल ते सगळं जमिनीवर ओतायचं, एक थेंब ठेवायचा नाही. दोर तुम्ही स्वतः धरायचा, मामांनी नाही. मी रोज काचेत पाहीन आणि सांगेन."

"कितला दिन?"

डॉक्टर आठवडा म्हणाली होती.

"पंधरा," मी म्हटलं.

पट्टा त्यांनी त्याच संध्याकाळी कापला. डॉक्टर पहिल्या दिवशी येऊन मालिश करून गेली, मामांना रबरी नळीचं काम शिकवून गेली, आणि दवाखान्यातलं जुनं सूक्ष्मदर्शक माझ्याकडं ठेवून गेली. मग रोज सकाळी, ऊन पडवीच्या खांबावर चढायच्या आत, जेठांची म्हातारी घोडी समोर उभी करायची, जेठ दोर धरायचे, मामा नळी. पहिल्या दिवशी निघालं त्यात गाठी होत्या, फाटलेल्या दुधासारख्या. मी एक थेंब काचेवर घेई आणि उरलेलं जेठांच्या हातात देई. पाच महिने साठवलेलं तेज ते अंगणाच्या कडेला ओतत. मातीत एक काळपट डाग पडे, उन्हानं वाळे. त्यांनी शेपटी मोजणं कुणी न सांगता सोडून दिलं होतं.

"आज?" ते विचारत. सरळ मला.

"खाली शे," मी सांगे.

तिसऱ्या दिवशी गाठी गेल्या. पाचव्या दिवशी त्या स्तब्ध गर्दीत एक शेपटी थरथरली, जागच्या जागी. सातव्या दिवशी रंग ताकासारखा निवळ झाला होता. आठव्या दिवशी मी काचेला डोळा लावला आणि श्वास घ्यायचा विसरले.

सगळं धावत होतं. डोकं पुढं, शेपटी मागं, प्रत्येक जण आपली वाट कापत. काही सरळ, काही वळणं घेत, एकमेकांच्या अंगावरून, एकमेकांना न अडवता. वाऱ्यात ज्वारीचं शेत हलतं तसं, पण प्रत्येक ताट वेगळं. त्या हालचालीला ताल होता. मी डोळे मिटून ऐकलं असतं तर टापा ऐकू आल्या असत्या. वडिलांना हे दाखवायला हवं होतं, असं वाटलं. मग वडिलांची घोडी आठवली.

"आज?" मागून जेठांनी विचारलं. त्यांच्या हातात भांडं होतं.

मी डोळा काचेवरून हलवला नाही.

"खाली शे," मी म्हटलं.

त्यांनी भांडं अंगणाच्या कडेला नेऊन ओतलं. जिवंत होतं ते सगळं. मी ते मातीत जिरताना पाहिलं, आणि त्यांचा वाकलेला पाठकणा पाहिला, आणि मला वाईट वाटलं नाही.

पुढचे सहा दिवस मी रोज सकाळी ते धावणं एकटीनं पाहिलं आणि रोज तेच दोन शब्द सांगितले. रोज ते विचारत, रोज वाकत, रोज ओतत. मामांच्या तिसऱ्याच दिवशी लक्षात आलं असावं. ते नळी धुताना मिशीत हसले, पण बोलले नाहीत. यजमानांनी एकदा सूक्ष्मदर्शकात पाहिलं, खूप वेळ पाहिलं, आणि माझ्याकडं न पाहता म्हणाले, "दादाला सांग ना आता."

"अजून पंधरा झाले नाहीत," मी म्हटलं.

पंधराव्या दिवशी डॉक्टर आली, तिनं पाहिलं, आणि हसत जेठांना सांगितलं की घोडा उत्तम आहे. जेठ पडवीच्या खांबाला टेकून खाली बसले. मग माझ्याकडं बघून त्यांनी विचारलं, "कधीपाई?"

डॉक्टर माझ्याकडं पाहत होती. तिला कळलं होतं.

"आजपासूनच," मी सांगितलं.

घोडा आता चैत्रात, वैशाखात, जेव्हा घोडी येईल तेव्हा सोडतात. बंद ठेवत नाहीत. काथ्याचा पट्टा मी मागून घेतला. तो माझ्या कपाटात आहे, साड्यांच्या खाली, सुरतच्या त्या कागदावर. माझी घोडी नवापूरलाच आहे. बँडवाल्याची बायको तिला सोडायला तयार नाही आणि मला तिच्या मानेचा वास घेऊन परत यावं लागतं. शिंगरू मोठं झालं आहे. जेठ माझ्याशी आता बोलतात, सरळ, थोडं जपून. पंगतीत मी वाढायला आले की ते लोणच्याकडं हात नेत नाहीत.

त्या सात सकाळी त्यांना अजून माहीत नाहीत. ते हे वाचणार नाहीत, ते वाचत नाहीत. पण वाचलं कुणी आणि सांगितलं, तर सांगू दे.